खिडकीच्या आत मी होतो

"त्या काळी वाचनालयाची दारे ज्याला बंद होती, अशा आपल्या एका गरीब मित्रासाठी देवरावजी रोज दुपारी खिडकीशी बसत आणि परदेशी शोधनिबंध हलक्या आवाजात वाचून दाखवत. बाहेर तो मित्र उन्हात उभा राही आणि खिडकीच्या चौकटीवर वही टेकवून, देवरावजींच्या मुद्रेकडे पाहत टिपणे काढी. तोच मित्र पुढे प्राध्यापक झाला. एका खिडकीतून देवरावजींनी एक आयुष्य घडवले."

देवराव, तुझ्या शोकसभेत हे असे म्हटले गेले. मी पहिल्या रांगेत होतो. शेवटचे वाक्य म्हणताना वक्त्याने माझ्याकडे हात केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढेही ज्यांना उमगत नाही, त्यांच्याकडून मी इतिहासाची अपेक्षा करीत नाही. पण तो गरीब मित्र मी आहे, मी अजून जिवंत आहे, आणि त्या सबंध निवेदनात खिडकी तेवढी खरी आहे.

आत मी होतो. बाहेर तू होतास. वाचत मी होतो आणि टिपून तू घेत होतास.

हे आपल्या दोघांना ठाऊक होते, तोवर मला त्याची घाई नव्हती. तू गेलास आणि ती गोष्ट माझ्या एकट्याच्या पदरी आली. एकाच साक्षीदाराची गोष्ट फार वाईट असते, देवराव. ती माणसाला पछाडते. दुपारी मी काही वाचायला बसलो की परिच्छेदाच्या शेवटी आपोआप थांबतो, तुझी पेन्सिल मागून येऊन पोहोचावी म्हणून. ती येत नाही. सून विचारते, बाबा, मध्येच का थांबता. मी तिला सांगतो, चष्मा पुसतो आहे.

आता तर ते लोक ही कथा दगडावर कोरणार आहेत. आपल्या जुन्या महाविद्यालयाने त्या खिडकीला तुझे नाव द्यायचे ठरवले आहे. खिडकीखाली बाक, शेजारी संगमरवरी पाटी आणि पाटीवर हाच मजकूर. फीत मी कापायची, कारण घडवले गेलेले आयुष्य म्हणून मी तिथे उभा असलेला शोभून दिसेन. कागदावरचे खोटे खोडता येते, बोललेले विसरले जाते. दगडावरचे माझ्या नातवंडांना वाचावे लागेल. म्हणून हे लिहितो आहे, आणि तुलाच उद्देशून लिहितो आहे, कारण या प्रकरणात माझे खरे भांडण तुझ्याशी आहे.

आपले वनस्पतिशास्त्राचे सर तुला आठवतात ना? पाठ्यपुस्तक म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असे ते म्हणत. इंटरच्या पोरांना मूळ शोधनिबंध वाचायला लावणारा तो पन्नासच्या दशकातला वर्ध्यातला बहुधा एकटाच माणूस असावा. प्रत्येक निबंधावर एक पान लिहायचे आणि पानावर चार रकाने पाडायचे: लेखकाने काय विचारले, ते कसे शोधले, काय मिळाले, आणि चौथा, त्याने काय सांगायचे टाळले. पहिले तीन रकाने सगळी मुले एकमेकांचे पाहून भरत. चौथा माझा. माणसाने काय दडवले आहे याचा वास मला लहानपणापासून येतो. तू म्हणायचास, "उकंड्या, तू निबंध वाचत नाईस बे, फिर्याद लिहून राह्यला."

इंग्रजी आपल्या दोघांचेही बेताचेच होते. एका पानाला दुपार लागे. शब्दकोश एकच, तो ग्रंथपालांच्या टेबलावर, आणि तिथवर दर वेळी उठून जाण्याची लाज वाटे. म्हणून आपण अडलेले शब्द साठवून ठेवत असू आणि एका खेपेत सगळे विचारून येत असू. त्या खेपेला तू बाजार म्हणायचास.

त्या वर्षाच्या निकालात तू गणितात नापास झालास. तुझ्या मृत्यूनंतर हे वाक्य पहिल्यांदा लिहिले जात आहे आणि ते मी लिहितो आहे. तुझे नाव हजेरीपटावरून निघाले. ज्याचे नाव पटावर नाही त्याला वाचनालयात प्रवेश नाही, असा सरळ नियम होता. तो सर्वांना सारखा लागू होता, आणि त्या काळात असा नियम दुर्मीळ होता.

घरी तू सांगितले नाहीस. सावंगीच्या पलीकडे तुमचे वावर. आज जिथे भलेमोठे रुग्णालय उभे आहे त्या बाजूला तेव्हा नुसती कापसाची पऱ्हाटीच पऱ्हाटी. तुझ्या वडिलांनी आधीच बजावले होते, की एकदा नापास झालास तर वखर हाती घ्यायचा. तेव्हा तू रोज सकाळी सायकल काढायचास, डबा बांधायचास आणि महाविद्यालयात न शिकणारा विद्यार्थी म्हणून महाविद्यालयात यायचास. गणित शिकवायला तुला गावात एक मास्तर होते. ते एकच तुझे गुपित जाणणारे, आणि दुसरा मी.

खिडकीची युक्ती कोणाची, यावर आपण नंतर पुष्कळ वाद घातला. माझ्या आठवणीप्रमाणे ती कोणाचीच नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलाशी मी वाचत बसलो होतो आणि गजांमध्ये तुझा चेहरा उगवला. तुझी ती उंटासारखी मान. तू म्हणालास, "काय वाचून राह्यला?" मी म्हटले, कापसाच्या मर रोगावरचा निबंध. तू म्हणालास, "मंग मोठ्यानं वाच ना बे."

मोठ्याने वाचायला बंदी होती. मी ओठांत वाचायचो आणि तू कान गजांना लावायचास. मी बुटका, टेबल मला उंच पडे, म्हणून मी जुन्या नियतकालिकांचे दोन जाड बांधीव खंड खाली घेऊन बसायचो. ग्रंथपालांनी एकदा हटकले, की ज्ञानावर बसू नये. मी म्हणालो, त्याशिवाय टेबलावरचे ज्ञान दिसत नाही. ते हसले आणि पुन्हा बोलले नाहीत. तुला त्यांनी पाहिले नव्हते असे मी म्हणणार नाही. नियम दाराचा होता. खिडकीबद्दल कोणी काही लिहून ठेवले नव्हते.

तू दोन्ही कोपरे छातीच्या वर उचलून चौकटीच्या दगडावर वही टेकवायचास आणि तसाच लिहायचास. त्या सवयीने तुझा उजवा खांदा कायमचा किंचित वर राहिला. पुढे कृषी महाविद्यालयातले तुझे विद्यार्थी त्या खांद्याची नक्कल करीत. ती ऐट आहे असे त्यांना वाटे.

आता मी मुद्द्याची गोष्ट सांगतो. तुला गणितात नापास केले होते आणि तू उभा होतास वनस्पतिशास्त्रासाठी. जी परीक्षा तुला द्यायचीच नव्हती, तिच्या पलीकडचे निबंध तू चैत्रातल्या उन्हात, निंबाच्या सरकत्या सावलीबरोबर पाय सरकवत, उतरवून घेत होतास. सावली भिंतीपासून दूर गेली की डोक्यावर पंचा घ्यायचास. मी म्हणायचो, जा आता, गणित कर. तू म्हणायचास, "गणित पास व्हाले करतो. हे माह्यासाठी." असे वाक्य म्हणणारा मुलगा त्या पाटीवरच्या दानशूर देवरावजींपेक्षा मला शंभर पटींनी मोठा वाटतो. आणि त्यालाच ते पुसायला निघाले आहेत.

आलेखांचे काय करायचे, हा आपला मोठा प्रश्न होता. मजकूर ओठांत वाचता येतो, रेषा कशी वाचणार? मी बोटाने हवेत काढून दाखवू लागलो. जमिनीची उष्णता वाढत जाते तशी मर हळूहळू चढते, आणि फार उष्णता झाली की एकदम कोसळते, अशी ती रेषा होती. मी ती माझ्या डावीकडून उजवीकडे काढली. तू समोरून पाहिलीस आणि पाहिलीस तशी उतरवून घेतलीस. पुढचे कित्येक दिवस तू त्या बिचाऱ्या लेखकाला शिव्या दिल्यास. तुझ्या वहीत मर एकदम चढत होती आणि सावकाश उतरत होती. तू म्हणायचास, "या सायबानं पऱ्हाटी पाह्यलीच नाई. गिरडच्या टेकडीवर चढला असन, अन् पायऱ्या मोजून आला." मी साहेबाची बाजू घेऊन भांडायचो. आपण चहाच्या टपरीवर भांडलो, सायकल ढकलत भांडलो. अखेर एके दिवशी तू रस्त्याच्या धुळीत काडीने ती रेषा काढलीस, आणि मी पाहतच राहिलो. मी आतून काढलेली रेषा तू बाहेरून पाहिली होतीस. बरोबर आपण दोघे होतो, साहेबही बरोबर होता, उलटी फक्त रेषा झाली होती.

तेव्हापासून मी तुझ्यासाठी प्रत्येक आलेख उजवीकडून डावीकडे काढू लागलो. ती सवय पुढेही सुटली नाही. तीस-बत्तीस वर्षे मी वर्गात शिकवले. फळ्यावर खडूने सुलटे काढायचो, पण बोलता बोलता हवेत बोट फिरले की ते उलटेच जायचे. पोरे हसायची. मी त्यांना कधी कारण दिले नाही. आज सकाळीही वर्तमानपत्रातला कापसाच्या भावाचा आलेख सुनेला समजावताना बोट उलटे गेले, आणि ते ज्याच्यासाठी जात होते तो समोर नव्हता.

तुझे वडील एकदा कापसाची गाडी घेऊन बाजाराला आले आणि वाट वाकडी करून महाविद्यालयात आले. मी त्यांना खिडकीतून फाटकाशी पाहिले. तुला नुसती मान हलवून खूण केली आणि तू निंबाच्या बुंध्याआड भिंतीला चिकटून खाली बसलास. मी बाहेर गेलो. त्यांनी मला ओळखले. चार हात अंतरावर थांबूनच त्यांनी विचारले, "काय रे उकंड्या, आमचा देवराव शिकून राह्यला ना बराबर?"

मी म्हणालो, "शिकून राह्यला, पाटील. एक दिस खाडा नाई त्याचा."

माझे ते वाक्य कोणीही तपासून पाहावे. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. त्यांनी समाधानाने पागोटे सारखे केले आणि ते गाडीकडे वळले. तू बुंध्याआडून उठलास तेव्हा तुझ्या पाठीला चुना लागला होता. तो झटकत तू म्हणालास, "बाप हाये तोवर कोनाले सांगजो नाई." मी हो म्हटले.

वचन एवढेच होते. बाप आहे तोवर. तुझे वडील जाऊन किती वर्षे झाली, ते तुला ठाऊक आहे. मी गप्प राहिलो तो वचनामुळे नव्हे. तू बोलशील याची मी वाट पाहत होतो.

पुढच्या वर्षी तू पास झालास आणि पटावर परत आलास. वाचनालयात शिरलास तो थेट माझ्या टेबलाशी, माझ्या शेजारी बसलास आणि प्रथम त्या खिडकीतून बाहेर पाहिलेस. म्हणालास, "इथून तं सारं लय सोपं दिसते बे." त्या एका वाक्याकरिता मी तुझे पुढचे पुष्कळ गुन्हे माफ केले.

एक सोडून. तू निवृत्त झालास तेव्हा कारंजाच्या शेतकऱ्यांनी तुझा सत्कार केला. ही कथा मी तिथे पहिल्यांदा ऐकली. कोणी रचली, कुठून आली, देव जाणे. तू कधीतरी कोणाला खिडकीचे काही अर्धवट सांगितले असशील आणि उरलेले ऐकणाऱ्यांनी आपल्या समजुतीने भरले असेल. व्यासपीठावर तू मान खाली घालून बसला होतास. लोकांना तो विनय वाटला. तू हारातली फुले खुडत होतास, हे मी पाहत होतो.

नंतर महामार्गावरच्या ढाब्यावर आपण चहाला बसलो. ट्रक एकामागून एक जात होते आणि दर वेळी बोलणे थांबवावे लागत होते. मी तुला विचारले, "काऊन बे, तोंड शिवलं होतं का तुह्यं?"

तू बशीत चहा ओतलास. म्हणालास, "उकंड्या, लोकायले आत मीच पायजे. तू आत अन् मी बाहीर, हे त्यायच्या डोक्यात बसतच नाई."

"मंग बसव ना."

एक ट्रक गेला. दुसरा गेला. "पुढच्या टायमाले सांगतो," तू म्हणालास.

तू अगदी खरे बोलला होतास, आणि म्हणूनच मला तुझा राग आला. त्यांच्या डोक्यात ते बसत नाही. देवराव कुणबी आणि उकंडा बौद्ध, म्हटल्यावर कोण आत आणि कोण बाहेर, हे त्यांना विचारावेसुद्धा लागत नाही. अपमान मला झाले नाहीत असे मी म्हणत नाही. खानावळीत माझे ताट निराळे होते, पाणी वरून ओतले जाई, आणि ते ओतणाऱ्यांची तोंडे मला आजही चित्रासारखी दिसतात. त्यांतले एकही मी कोणाला विसरू देणार नाही. पण वाचनालयाचे दार मला बंद नव्हते. ते आमच्या माणसांनी भांडून उघडले होते. ज्या वर्षी आमच्या घराने दीक्षा घेतली त्या वर्षी मी त्या दारातून, मान वर करून, माझ्या नावावर आत जात होतो. नसलेला अपमान माझ्या नावावर चढवला की असलेले अपमान झाकले जातात. आणि मी ज्या दारातून गेलो ते दारच पुसून तिथे तुझ्या उपकाराची खिडकी बसवली जाते. हे मी मान्य करीन असे तुला वाटले कसे?

सावंगीच्या रुग्णालयात मी तुझ्याजवळ बसायला येत होतो. तुमच्याच जुन्या वावराच्या दिशेची खोली होती. मी तुझ्या उशाशी, तुझे तोंड जिकडे तिकडेच तोंड करून बसायचो आणि काहीबाही वाचायचो. मर रोगावरचा एक नवा निबंध मुद्दाम छापून आणला होता. मी वाचत होतो आणि चादरीवर तुझी बोटे हलत होती. पेन्सिल नव्हती, तरी तू टिपून घेत होतास. मी परिच्छेदाशेवटी थांबलो की तुझी बोटे आणखी क्षणभर चालून मग थांबत. आलेख आला. माझे बोट सवयीने उजवीकडून निघाले.

"सुलटं काढ बे," तू म्हणालास. "आता मी आतच हावो."

मी सुलटे काढले. मग तू दाराकडे पाहिलेस. बाहेर तुझा मुलगा विजय कोणाशी तरी फोनवर बोलत होता. "त्याले बलाव," तू म्हणालास. मी उठलो, त्याला बोलावले. आम्ही आत आलो तोवर तुझा डोळा लागला होता. तो पुन्हा नीट उघडला नाही.

त्याला बोलावून तू काय सांगणार होतास? खिडकीचे सांगणार होतास, की पाणी मागणार होतास? इतके दिवस मी यावर विचार करतो आहे. मला हवे ते उत्तर मी लिहू शकतो आणि खोडायला तू नाहीस. पण सरांनी शिकवले होते, चौथ्या रकान्यात अंदाज चालत नाही. जे टाळल्याचा पुरावा आहे तेवढेच लिहायचे. तुझा तो रकाना मी कोरा ठेवला आहे. तो कोरा आहे हेच मला झोपू देत नाही.

शोकसभेनंतर विजय पाटीचा मजकूर घेऊन घरी आला. चांगला मुलगा आहे, तुझ्यासारखाच पाहुण्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतो. मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "बाबा नापास झालते? काका, हे आईलेबी माहीत नाई."

मी म्हणालो, आता माहीत होईल.

त्याने मजकुराच्या कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "काका, राग नका मानू. पन इतकी वर्स झाली. या वयात मानसाले उलटंसुलटं आठवते. तुम्ही बाहीर असान अन् तुमाले आत होतो असं वाटत असन. कोनाले वाटनार नाई?"

मी रागावलो नाही, देवराव, याची नोंद घे. मी फक्त चप्पल घातली. तुझ्या टिपणांच्या वह्या पुराव्याला उरलेल्या नाहीत. त्या तुझ्या जुन्या घरी वाळवीने खाल्ल्या, आणि त्यांची मला गरजही नव्हती. मी विजयला म्हटले, चल, गाडी काढ.

महाविद्यालयाला सुट्टी होती. इमारत तीच, जोत्याचे काळे दगड तेच, खिडकीचे गजही तेच. निंब तोडला आहे. मी त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला कधी उभाच राहिलो नव्हतो. ती तुझी जागा होती. आत कोणी नव्हते, तरी मला पाने उलटल्याचा आवाज आला आणि मी विजयचा हात धरला. त्याला वाटले, मला चक्कर आली.

तिथे आता मुरूम घालून फरशी बसवली आहे, म्हणजे जमीन वर आली आहे, खाली गेलेली नाही. वयाने माझी जेवढी उंची नेली असेल तेवढी फरशीने परत केली, तेव्हा त्या बाबतीत कोणी वाद घालू नये. मी चप्पल काढली नाही. पाठ ताठ केली आणि भिंतीला नाक लावून सरळ उभा राहिलो. विजयला म्हटले, आता नीट पाहा, आणि पाटीवर काय कोरायचे ते तूच ठरव.

ज्या चौकटीवर मी वही टेकवून लिहीत होतो म्हणतात, तिचा दगड माझ्या भुवयांच्या वर येतो.